सुई किती चुकते?

(लिंबायत, सुरत येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागच्या रांगांमधली काही मंडळी लूमवरची पाळी संपवून तशीच इथे आली आहेत, असं मघाशी कानावर आलं. त्यांना डुलकी लागली तर मी वाईट वाटून घेणार नाही. जुन्या नकाशांवर होकायंत्राची चूक कशी नोंदवत, असल्या विषयाला संध्याकाळ द्यायला तयार असणारं सभागृह पुण्यातसुद्धा सहज मिळत नाही. तेव्हा आधी तुमचे आभार मानतो आणि मग बोलायला लागतो.

सुरत म्हटलं की मराठी माणसाला 1664 आठवतं, फार तर 1670. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण शिवाजी महाराजांनी लुटीसाठी सुरतच का निवडली? इथे पैसा होता म्हणून. पैसा का होता? इथे जहाजं येत होती म्हणून. आणि जहाजं इथवर येत होती ती कशी? हा तिसरा प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही. महिनोन्‌महिने जमीन दिसत नाही, खाली पाणी, वर आभाळ, आणि तरी माणूस नेमका तापीच्या मुखाशी कसा पोचतो?

आपण बहुतेक जण या शहरात पोचलो ते तापीच्या वरच्या अंगाने. धुळे, नंदुरबार, जळगाव, अमळनेर. नदी जिकडून वाहत येते तिकडून रेल्वेही येते, त्यामुळे वाट चुकायचा प्रश्न नव्हता. आज मी बोलणार आहे ते खालच्या अंगाने, समुद्राकडून आलेल्यांबद्दल. त्यांच्यापाशी रूळ नव्हते. एक सुई होती. आणि ती सुई खोटं सांगत होती.

खोटं म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करतो. होकायंत्राची सुई उत्तरेकडे असते, असं आपण मुलांना शिकवतो. ती असते उत्तरेच्या जवळपास. खरी उत्तर म्हणजे पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याचं टोक, ढोबळ मानाने ध्रुवताऱ्याची दिशा. सुई मात्र पृथ्वीच्या चुंबकत्वाचं ऐकते, आणि ते चुंबकत्व अक्षाशी जुळलेलं नाही. त्यामुळे खऱ्या उत्तरेपासून सुई कुठे पूर्वेला सरकते, कुठे पश्चिमेला. या फरकाला आपल्या पुस्तकांत दिक्पात म्हणतात. आज सुरतेत हा फरक एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही. पण 1683 मध्ये एडमंड हॅलीने जगभरच्या नोंदींचा एक तक्ता छापला, त्यात मुंबईचा 1676 सालचा आकडा आहे: 12 अंश पश्चिम.

बारा अंशांनी काय बिघडतं? हिशेब करून बघा. शंभर किलोमीटर चाललात तर एकवीस किलोमीटर बाजूला जाता. दमणपासून सुवालीचा किनारा साधारण 80 किलोमीटर. तेवढ्या अंतरात सुईवर आंधळा विश्वास टाकला तर जहाज सोळा-सतरा किलोमीटर भलतीकडे जाईल. आणि खंभातच्या आखातात भलतीकडे म्हणजे कुठे? वाळूच्या दांड्यांवर. भरती-ओहोटीचा जोर इथे केवढा असतो, ते हजीऱ्याला कामाला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल. मोठी जहाजं म्हणूनच तापीत शिरत नसत. ती सुवालीच्या खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल लहान होड्यांनी किंवा गाड्यांनी शहरात येई.

मग ही चूक मोजायची कशी? उपकरण साधं, डोकं मात्र लागतं. 21 मार्चच्या सुमाराला सूर्य अगदी पूर्वेला उगवतो. त्या दिवशी सुईच्या हिशेबाने तो पूर्वेच्या बारा अंश दक्षिणेला उगवताना दिसला, तर सुई बारा अंश पश्चिमेला सरकली आहे, हे कळलं. इतर दिवशी सूर्य कुठे उगवायला हवा, याची कोष्टकं खलाशांपाशी असत. सकाळी बघायचं, संध्याकाळी मावळताना पुन्हा बघायचं, आणि वहीत लिहायचं: अमुक तारीख, अमुक अक्षांश, दिक्पात इतका. ढग असतील तर तेही लिहायचं.

अशा वह्यांमध्ये पहिली मोठी, विचारपूर्वक लिहिलेली वही आपल्याच किनाऱ्यावरची आहे. म्हणून तिच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे.

1538 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून एक ताफा निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोचला. त्यात ग्रिफो नावाच्या जहाजावर दों जुआंव द कास्त्रू नावाचा एक सरदार होता. गोव्याच्या इतिहासात हा माणूस वेगळ्या कारणांसाठी प्रसिद्ध आहे. पुढे तो तिथला गव्हर्नर झाला, 1546 मध्ये त्याने दीवचा वेढा उठवला, आणि दीवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते तेव्हा गोव्याच्या लोकांकडे आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवले. 1548 मध्ये व्हाइसरॉय म्हणून गोव्यातच मेला. (दाढीवर कर्ज देणारे लोक तेव्हा होते. आज बँक आधार कार्डावरही देत नाही.)

पण मला या माणसाचं कौतुक आहे ते त्या दाढीसाठी नाही. पेद्रू नुनिश या गणितज्ञाने एक नवं उपकरण केलं होतं: सपाट तबकडी, मधोमध उभी काडी, आणि शेजारी होकायंत्र. काडीची सावली दुपारच्या आधी आणि दुपारनंतर मोजायची, दोन्हींच्या मधली दिशा म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. हे उपकरण समुद्रावर चालतं का, ते कास्त्रूने पाहायचं होतं. त्याने ते वाटेत मोजलं, गोव्याहून दीवला जाताना कोकण किनाऱ्यावर मोजलं, आणि 1541 मध्ये तांबड्या समुद्रात मोजलं. या प्रवासांतली दिक्पाताची त्याची 43 मापनं आज आपल्याला माहीत आहेत. गोवा ते दीव या वहीत खारेपाटण, जैतापूर, दाभोळ, चौल, मुंबई, वसई अशी बंदरं रेखाटनांसकट आहेत. मधेच घारापुरीची लेणीही त्याने पाहिली आणि वर्णन करून ठेवली.

आता दोन प्रसंग सांगतो. पहिला लिस्बनहून येतानाचा. एके दिवशी आकडे जुळेनात. आधीच्या मोजणीशी काहीच मेळ नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, उपकरण बिघडलं, किंवा माझा हात चुकला, आणि तो आकडा गाळून टाकला असता. कास्त्रूने आजूबाजूला पाहिलं. जवळ लोखंडी तोफ होती. तोफ लांब नेल्यावर सुई जागेवर आली. जहाजावरचं लोखंड होकायंत्राला भुलवतं, ही गोष्ट पुढे लोखंडी जहाजांच्या काळात जीवघेणी ठरली. तिची नोंद 1538 ची आहे.

दुसरा प्रसंग आपल्या अंगणातला. 1538 च्या अखेरीला तो वसईजवळ होता. जमिनीवर, आजूबाजूला तोफ नाही, लोखंड नाही, आणि तरी हाकेच्या अंतरावरच्या दोन जागी सुई वेगवेगळं सांगू लागली. त्याने तर्क केला: इथल्या खडकांतच काहीतरी आहे. खडक सुईला ओढतात. आज आपण म्हणतो, बरोबर. कोकण आणि देशावरचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. त्या कातळाची गोष्ट अजून संपलेली नाही. पुढे येईन तिच्याकडे.

मला यात काय महत्त्वाचं वाटतं? त्याने न जुळलेला आकडा लिहून ठेवला. बस्स. शोधाच्या नावाखाली आपण हुशारी शोधतो. इथे हुशारीच्या आधी एक साधी गोष्ट आहे: जे दिसलं ते, ज्या दिवशी दिसलं त्या तारखेसह, ज्या जागी दिसलं त्या जागेसह, आपल्या मताला सोयीचं नसलं तरी लिहिणं. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा पसारा.

आणि त्याचं मत होतं काय? त्या काळी अनेकांना वाटत होतं की दिक्पात आणि रेखांश यांचा सरळ संबंध असावा. अमुक दिक्पात म्हणजे अमुक रेखांश. रेखांश समुद्रावर मोजता येत नव्हता, त्यासाठी पुढे राजांनी बक्षिसंही लावली. सुईनेच तो सांगितला तर सोनं. कास्त्रूने आपले आकडे मांडले आणि म्हटलं, असा सरळ नियम नाही. त्याचं कोणी ऐकलं का? नाही. त्याची गोवा ते दीव ही वही छापून निघाली 1843 मध्ये. तीनशे वर्षं ती कपाटात होती. त्या काळात तीच आशा पुन्हा पुन्हा उगवत राहिली. 1599 मध्ये सायमन स्टेव्हिनने हॉलंडमध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी एडवर्ड राइटने ते इंग्रजीत आणलं.

आणि स्टेव्हिन अगदी वेडा नव्हता, हेही सांगायला हवं. हिंदी महासागरात ही युक्ती थोडीफार चालायची. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, अगुल्हास भूशिरापाशी, तेव्हा दिक्पात जवळजवळ शून्य होता. तिथून पूर्वेला निघालं की तो पश्चिमेकडे वाढत जाई. हॅलीच्या तक्त्यात रॉड्रिग्ज बेटापाशी 20 अंशांच्या वर आहे. मग भारताकडे येताना तो पुन्हा उतरत मुंबईला 12 वर येई. म्हणजे सुई किती चुकते यावरून आपण कुठवर आलो याचा अंदाज लागायचा. खलाशांनी चुकीलाच खूण करून टाकलं होतं. इंग्रज आणि डच कप्तान ते आकडे पाहून नकाशावरची आपली जागा पुढे सरकवत.

24 ऑगस्ट 1608 ला विल्यम हॉकिन्सचं ‘हेक्टर’ सुरतेच्या बाऱ्यावर लागलं. ईस्ट इंडिया कंपनीचं इथे आलेलं हे पहिलं जहाज. त्यानंतर जहाजं येत राहिली, आणि प्रत्येकावर कोणी ना कोणी वही लिहीत होतं. त्यातला एक माणूस मला फार आवडतो: विल्यम बॅफिन. कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन उपसागर आहे, बॅफिन बेट आहे, ते याच्याच नावाचं. 1616 मध्ये तिथल्या बर्फात त्याने 56 अंश दिक्पात मोजला. तोवर एवढा कोणी पाहिला नव्हता. विचार करा, सुई निम्म्याहून जास्त वळून पश्चिमेकडे बघते आहे. दुसरा घाबरला असता. बॅफिनने आकडा लिहिला आणि पुढच्याच वर्षी, 1617 मध्ये, अँड्र्यू शिलिंगच्या ‘ॲन रॉयल’वरून सुरतेला आला. बर्फातून थेट आपल्या घामाच्या शहरात. इथून तो मोख्याला आणि इराणच्या आखातात गेला, तिथल्या किनाऱ्यांचे नकाशे काढले, आणि त्या कामाबद्दल कंपनीने त्याला वेगळं बक्षीस दिलं. पुढच्या सफरीत, 1622 च्या जानेवारीत, होर्मुझजवळ किश्म बेटावरच्या किल्ल्याला वेढा पडला होता. तोफा किती अंतरावरून डागायच्या हे काढायला बॅफिन आपली उपकरणं घेऊन किनाऱ्यावर उतरला, भिंतीची उंची आणि अंतर मोजू लागला, आणि किल्ल्यातून आलेली गोळी पोटात लागून जागीच गेला. मोजता मोजता मेलेला माणूस. अशांचे पुतळे कोणी उभारत नाही.

आता या गोष्टीतला घोटाळा. 1634 मध्ये लंडनजवळ हेन्री गेलिब्रँड या प्राध्यापकाने दिक्पात मोजला: साधारण 4 अंश पूर्व. 1580 मध्ये विल्यम बरोने तिथेच जवळ मोजला होता, तो होता 11 अंशांच्या वर. मधे 1622 मध्ये एडमंड गंटरला 6 च्या आसपास मिळाला होता. गंटरला वाटलं असावं, बरोचं काहीतरी चुकलं. गेलिब्रँडने तिघांनाही खरं मानलं. तिघंही बरोबर असतील तर एकच अर्थ निघतो: सुई जागेनुसार बदलते, तशी काळानुसारही बदलते. 1635 मध्ये त्याने तसं छापलं.

म्हणजे झालं काय? दिक्पाताचा नकाशा मागच्या वर्षीच्या पंचांगासारखा झाला. आज खरा, उद्या जुना. तारीख नसलेला आकडा निकामी. ज्यांनी तारीख लिहिली होती तेच वाचले.

हे कळल्यावरही नकाशा काढायचा मोह सुटला नाही, आणि सुटला नाही हे बरं झालं. क्रिस्तोफोरो बोरी नावाचा एक इटालियन जेझुइट पाद्री व्हिएतनाम, मकाव करत 1623 च्या सुमाराला गोव्यात येऊन राहिला होता. सारखा दिक्पात असलेल्या जागा रेषेने जोडून नकाशा काढायचा, ही कल्पना त्याची. त्याचा नकाशा टिकला नाही. रोममध्ये किर्खर या दुसऱ्या जेझुइट विद्वानाने आपल्या चुंबकावरच्या ग्रंथात त्याची हकिगत दिली म्हणून आपल्याला ठाऊक. तो नकाशा जगला असता तर आज सगळे बोरीचं नाव घेत असते.

जगला तो हॅलीचा. धूमकेतूवाला हॅली, तोच. 1698 मध्ये ‘पॅरामोर’ नावाचं लहानसं जहाज त्याच्या हाती दिलं. फक्त मोजमापासाठी समुद्रावर निघालेली ही अगदी पहिल्या सफरींपैकी एक. जहाजावरचा लेफ्टनंट त्याचं ऐकेना. कारण म्हणे त्याने रेखांशावर लिहिलेल्या पुस्तिकेला हॅलीने पूर्वी किंमत दिली नव्हती. (विद्वानांचे रुसवे समुद्रावरही सुटत नाहीत.) हॅली परत आला, लेफ्टनंटची चौकशी करवली, आणि 1699 मध्ये पुन्हा निघाला. दक्षिणेत 52 अंशांपर्यंत, हिमनगांपर्यंत जाऊन आला. 1701 मध्ये अटलांटिकचा नकाशा छापला. सारख्या दिक्पाताच्या जागा वक्र रेषांनी जोडलेल्या. वर्तमानपत्रात आज तुम्ही पावसाच्या किंवा तापमानाच्या समरेषा पाहता, त्या सगळ्यांचं मूळ या नकाशात. पुढे 1702 च्या सुमाराला त्याने जगाचा नकाशा काढला. त्यात हिंदी महासागर रेषांनी भरलेला आहे. हॅली तर इकडे कधी आला नव्हता! मग त्या रेषा कुठून आल्या? इकडे येणाऱ्या कप्तानांच्या वह्यांतून. आणि प्रशांत महासागर त्याने जवळजवळ कोरा सोडला. नोंदी नाहीत, तर रेषा नाही. कोऱ्या जागेची लाज न बाळगणारा नकाशा मला फार सभ्य वाटतो.

नकाशा जुना होणार हे हॅलीला माहीत होतं. झालाच. 1740 च्या दशकात माउंटन आणि डॉडसन या दोघांनी तो नव्याने काढला, 1756 साठी पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यांनी आरमार आणि कंपन्यांच्या जहाजांच्या वह्यांतून 50,000 नोंदी चाळल्या. पुढे जॉन हॅरिसनचं समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ आलं, रेखांश घड्याळावर कळू लागला, आणि रेखांशासाठी दिक्पात मोजायची गरज संपली.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, सगळे गोरेच कसे? आमचे नाखवे काय करत होते? रास्त प्रश्न आहे. कच्छ, सौराष्ट्र, रांदेर, कोकण, इथले मालम आणि नाखवे एडन-मस्कतला शतकानुशतकं जात-येत होते. अरबी आणि कच्छी परंपरेत दिशांचे 32 भाग असत आणि त्यांना ताऱ्यांच्या उदयास्ताची नावं असत: उत्तरेला ध्रुव, दक्षिणेच्या बाजूला अगस्त्य, मधे उगवणारे आणि मावळणारे तारे जोडीने. तारे खऱ्या उत्तरेशी बांधलेले. मोसमी वाऱ्यांबरोबर, पाऊस सरल्यावरच्या निरभ्र आकाशाखाली जाणाऱ्या माणसाला सुईच्या चुकीची तेवढी झळ लागत नव्हती. कच्छच्या एका मालमाचा तांबड्या समुद्राचा आणि एडनच्या आखाताचा नकाशा 1835 मध्ये अलेक्झांडर बर्न्सने मिळवून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीला दिला. तो तिथे आहे. ज्ञान होतंच. पण ते बापाकडून मुलाकडे तोंडी गेलं, पोथीत उतरलं तेव्हा उपयोगापुरतं उतरलं. अमुक तारखेला अमुक जागी सुई इतकी चुकली, असं लिहिणं त्यांना लागत नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण त्याची किंमत आपण मोजली आहे, हे मला झाकून ठेवायचं नाही.

लिहिण्याची ही सवय आपल्या माणसांच्या हाताला लागली ती मुंबईत. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. 1841 पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या आणि प्रमुख होते एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार. त्यांच्या हाताखाली सोळा-सतरा वर्षांचा एक मराठी मुलगा लागला: केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढचे केरूनाना, गणिती, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’चे कर्ते, टिळकांचे गुरू. जन्मगाव अलिबागजवळचं नागाव. दिवसरात्र ठरल्या वेळी सुई बघायची आणि लिहायची, हे त्या मुलाचं पहिलं शिक्षण.

1859 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड वादळ झालं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. केरूनाना तोवर पुण्याला गेले होते. कुलाब्याला त्या वेळी जे कोणी पाळीवर होते, त्यांची सुई अशी काही कोसळली की आकडा पाहून त्यांना भुताटकी वाटली असेल. त्यांनी तो लिहिला. चुंबकत्वाच्या जोरात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण. एवढ्या कमी अक्षांशावर त्या वादळाची नीट नोंद जवळपास इथेच झाली. 2003 मध्ये अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून त्यावर निबंध लिहिला, आणि आज जगात कुठेही उपग्रह, वीजजाळी यांना सौर वादळापासून किती धोका आहे याचा हिशेब मांडताना हा आकडा समोर ठेवतात. लूमवर पाळी करणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो: तो आकडा पाळीवरच्या माणसाने लिहिलेला आहे.

मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची वीज म्हणजे सुईचा सत्यानाश. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदी अलिबागला हलवल्या, केरूनानांच्या गावाशेजारी, आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यासमोर. 1904 पासून अलिबाग सुरू झालं, आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या जागेला जोडता यावी. मग 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. कुलाबा आणि अलिबाग मिळून ही मालिका आज दीडशे वर्षांच्या वर चालू आहे. जगातल्या सगळ्यात लांब मालिकांपैकी एक.

आता अलिबागची ती इमारत. तिला लोखंडाचा खिळा चालणार नव्हता, बिजागऱ्यासुद्धा तांब्या-पितळेच्या. आणि दगड? कोकणात काळ्या दगडाला काय तोटा? पण तो काळा दगड म्हणजे तोच, ज्याने वसईला कास्त्रूची सुई भुलवली होती. म्हणून तपासून, चुंबकत्व नसलेला दगड आणला पोरबंदरहून. रायगड जिल्ह्यातली वेधशाळा गुजरातच्या दगडात उभी आहे. लिंबायतमध्ये हे सांगताना मला विशेष बरं वाटतं.

त्या काळ्या कातळाकडे येतो म्हणालो होतो. तुमच्यापैकी नंदुरबार-धुळ्याकडच्यांनी गावाबाहेर भिंतीसारख्या लांबच लांब काळ्या रांगा पाहिल्या असतील. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात; त्या पट्ट्यात दोनशेहून जास्त डाइक मोजल्या आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वर आला त्या या भेगा. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या चुंबकत्वाच्या दिशेने गोठतात आणि तसेच राहतात. 1950 च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनचा दगड तपासला. दगडातल्या सुईचा कल सांगत होता की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, 30 अंशांच्या आसपास होता. खंड सरकतात यावर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता. ज्या दगडाने सुईला चकवलं, त्याच दगडाने भारताचा प्रवास सांगितला. आमचा खानदेश मुळात मादागास्करच्या शेजारचा. सुरतेला यायला त्याला जरा वेळ लागला, एवढंच.

आणि त्या जुन्या जहाजांच्या वह्या? रेखांश मोजायला त्या कुचकामी ठरल्या होत्या. शतकं उलटली. मग काही संशोधकांनी लंडन, हॉलंड, फ्रान्स इथल्या दप्तरांत बसून त्या पुन्हा वाचल्या. 2000 मध्ये जॅक्सन, जाँकर्स आणि वॉकर यांनी 80,000 हून जास्त जुन्या दिक्पात-नोंदींवरून 1590 पासूनच्या चार शतकांत पृथ्वीचं चुंबकत्व कसं बदललं याची आकडेमोड केली. पृथ्वीच्या पोटात, जवळजवळ 2900 किलोमीटर खोल, वितळलेलं लोखंड कसं वाहत आलं, हे त्यातून समजतं. तिथे कोणी उतरू शकत नाही. त्या अंधाराची साक्ष दिली ती सूर्य उगवताना डेकवर उभ्या राहिलेल्या, बहुतेक वेळा नावही मागे न राहिलेल्या खलाशांनी. मुंबईचा दिक्पात 12 अंशांवरून एक अंशाच्या आत कसा आला, हे कोणी विचारलं तर उत्तर या वह्यांत आहे.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर खिशातला मोबाइल काढा. त्यातलं होकायंत्र खरी उत्तर दाखवू शकतं, कारण आत दिक्पाताचा तक्ता भरलेला आहे. तो दर पाच वर्षांनी बदलतात. चुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडाकडून सैबेरियाकडे इतक्या वेगाने पळाला की 2019 मध्ये मुदतीआधीच तक्ता बदलावा लागला. सुरत विमानतळाच्या धावपट्टीवर 04 आणि 22 हे आकडे रंगवलेले आहेत. तेही सुईच्याच दिशेवरून. हॅलीने सुरू केलेलं काम रोज चालू आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती खरीखुरी आहे. रांदेर, दमण, भगवा दांडी, खाली पालघर-डहाणूपर्यंत जुन्या नाखव्यांची, मालमांची, कोठीवर कारकुनी केलेल्यांची घरं आहेत. तुमच्यातले कित्येक जण तिथे रंगकामाला, वायरिंगला, घर पाडायला जातात. पेटाऱ्यात मोडी, गुजराती, अरबी अक्षरातली वही सापडली, त्यात ताऱ्यांची वर्तुळं, किनाऱ्याच्या रेघा, तारखांपुढे आकडे दिसले, तर ती रद्दीवाल्याला देऊ देऊ नका. मालकाला सांगा, मोबाइलवर पानांचे फोटो घ्या, आणि सुरतेच्या विद्यापीठात किंवा वस्तुसंग्रहालयात कळवा. आणि फोटो घेतला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर लिहायला विसरू नका.